.३०८ लांब पल्ला: केस कुठली घ्यावी आणि प्रायमर कुठला?

हजारयार्ड (मूळ प्रश्न)

रायफल बोल्ट ॲक्शन, .३०८ विंचेस्टर, २८ इंची जड बॅरल, ट्विस्ट १:१०. चेंबर मॅच रीमरने कापलेलं आहे, नेक (काडतुसाची मान बसते तो भाग) ३४२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बोल्ट फॅक्टरीतून आला तसाच आहे, फायरिंग पिनला हात लावलेला नाही. वापर फक्त कागदी टारगेटवर, ८०० ते १००० यार्ड, १८५ ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), एक्स्ट्रुडेड (बारीक कांड्यांची) पावडर.

आत्तापर्यंत फॅक्टरी ॲम्युनिशनच्या उरलेल्या मिश्र केस (काडतुसाची पितळी कवचं) आणि फेडरल २१०एम प्रायमर (केसच्या बुडात बसणारी, पावडर पेटवणारी टोपी) वापरतोय. ६०० पर्यंत गट चांगला बसतो. १००० वर उभा पसारा नको इतका वाढतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) एसडी (वेगाचं प्रमाण विचलन, फूट प्रति सेकंदात) १४-१५ च्या खाली येत नाही. पावडर ०.०२ ग्रेन मोजणाऱ्या काट्यावर तोलतो, म्हणजे गडबड तिथे नसावी.

आता एकाच लॉटच्या नव्या केस घ्यायच्या ठरवल्यात. गोंधळ इथे आहे: लापुआची साधी लार्ज प्रायमरवाली केस घ्यावी की स्मॉल प्रायमरवाली 'पाल्मा'? पीटरसन, अल्फा, स्टारलाइन यांत खरोखर फरक पडतो का? स्मॉल घेतली तर प्रायमर कुठला? केस वजनाने निवडणं आणि दर वेळी ॲनील करणं (नेक तापवून मऊ करणं) यातून हाती काही लागतं, की नुसता वेळ जातो?

---

थाऊवाला

केस आणि प्रायमर हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत, पण तो एकच आहे. पॉकेटचा (प्रायमर बसतो त्या खड्ड्याचा) आकार ठरला की प्रायमरची यादी आपोआप चार-पाच नावांवर येते. पॉकेटचा आकार ठरवायच्या आधी बोल्ट बघावा लागतो. हे उलट्या क्रमाने केलं की पैसे दोनदा जातात.

स्मॉल पॉकेटचा खरा फायदा आधी सांगतो, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. लार्ज प्रायमरचा व्यास २१० थाऊ, स्मॉलचा १७५. म्हणजे केसच्या बुडात पॉकेटभोवती तेवढं जास्त पितळ उरतं. प्रेशर वरच्या बाजूला असेल तर लार्ज पॉकेट पाच-सहा फायरिंगमध्ये सैल पडू शकतं, तिथे स्मॉल पॉकेट बरंच जास्त टिकतं. एफ-टीआरमध्ये (लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीचा एक गट) .२२३ आणि .३०८ एवढ्या दोनच कॅलिबरला परवानगी असल्याने सगळे .३०८ मधून शेवटचा फूट-प्रति-सेकंद काढायच्या मागे असतात. तिथे पाल्मा केस रूढ व्हायचं मोठं कारण हे टिकणं आहे. 'स्मॉल प्रायमर म्हणजे एसडी कमी' हा दुसरा दावा काही लोडमध्ये (केस, प्रायमर, पावडर आणि गोळीची जुळणी) खरा ठरतो, काहींत अजिबात ठरत नाही. केवळ त्या आशेने स्मॉल घेऊ नका.

आता तोटे.

पहिला, फ्लॅश होल (प्रायमरची ज्योत पावडरकडे जाते ते भोक). लापुआच्या पाल्मा केसचं फ्लॅश होल १.५ मिमी आहे, नेहमीचं २ मिमी असतं. बहुतेक डायमध्ये (केस दाबून मापाला आणणारा, म्हणजे साइझ करणारा साचा) येणारी डीकॅपिंग पिन (उडालेला प्रायमर ढकलून काढणारी) १.७ मिमीच्या पुढची असते. ती या होलमध्ये घुसवली तर एक तर पिन वाकते, नाहीतर होल वेडंवाकडं फाकतं, किंवा केसच पिनवर अडकून बसते. १.४५ मिमीच्या आसपासची पिन आधी आणा, मग केस आणा. मीडियासकट टंबल करत असाल (दाण्यांत फिरवून साफ करत असाल) तर या होलात अडकलेला एखादा दाणाही इग्निशन बिघडवतो. प्रत्येक केस उजेडासमोर धरून बघावी लागते.

दुसरा, फायरिंग पिन, आणि तुमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. .३०८ च्या फॅक्टरी बोल्टची पिन साधारण ७५ थाऊ जाडीची असते आणि बोल्ट फेसवरचं होल त्याहून थोडं मोठं. लार्ज प्रायमरचा कप २७ थाऊच्या आसपास जाड असतो, तो ते सहन करतो. स्मॉल प्रायमरचा कप २० ते २५ थाऊ. पूर्ण प्रेशरला कपाचं धातू पिनभोवतीच्या फटीत वाहतं, कडेला विवरासारखा काठ उठतो. पुढची पायरी म्हणजे कपातून नाण्यासारखी चकती कापली जाऊन पिनच्या होलात जाते. गरम वायू मागे बोल्टमध्ये येतो, पिनचं टोक खातो आणि पुढच्या शॉटला मिसफायर होतो. उपाय म्हणजे गनस्मिथकडून बोल्ट फेस बुश करून (पिनचं होल लहान करून) पिन ६२ ते ६८ थाऊवर उतरवून घेणं. हे काम झालेलं नसेल तर पाल्मा केस मागवू नका.

तिसरा, थंडी आणि पावडर. .३०८ मध्ये पावडर ४० ग्रेनच्या वर असते. तेवढा ढीग स्मॉल प्रायमरच्या ज्योतीला पेटवायचा असतो. नेहमीच्या एक्स्ट्रुडेड पावडरला आणि उबदार हवेत अडचण येत नाही. गोठणबिंदूच्या खाली, किंवा जाड डिटरंट (जळणं मंदावणारं) कोटिंग असलेली बॉल पावडर असेल, तर इग्निशन रेंगाळतं. क्लिक आणि धमाका यांत जाणवण्याइतकं अंतर पडतं. अशा वेळी बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी टारगेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं.

तुमच्या आहे त्या बोल्टवर माझं मत: लार्ज पॉकेटची लापुआ घ्या. लोड मॅन्युअलच्या मर्यादेत ठेवलात तर पॉकेटही पुरेसं टिकेल.

---

काटेकोर

थाऊवाल्यांशी सहमत. फक्त पाल्मा घेतलीच तर प्रायमर कुठला, ते राहिलं, म्हणून लिहितो.

स्मॉल रायफल प्रायमरमध्ये पहिला निकष कपाची जाडी. सीसीआय ४०० चा कप २० थाऊ आहे. .२२३ च्या सौम्य लोडला उत्तम, .३०८ च्या ६०,००० पीएसआयच्या गावात नको. रेमिंग्टन ६½ चंही तेच, तो कमी प्रेशरच्या जुन्या कॅलिबरसाठी आहे. फेडरल २०५एम साधारण २२.५ थाऊ. सीसीआय बीआर-४, सीसीआय ४५० आणि रेमिंग्टन ७½ हे २५ थाऊ. पाल्मा केसला सुरुवात बीआर-४ किंवा ७½ ने करावी. थंडीत किंवा इग्निशन आळशी वाटलं तर ४५०, तो मॅग्नम आहे. २०५एम ची ज्योत अतिशय एकसारखी असते, पण पिन बुश केलेली नसेल तर कपावर काठ उठायला सगळ्यात आधी तोच लागतो.

लार्जमध्ये निवड सोपी आहे: फेडरल २१०एम, सीसीआय बीआर-२, सीसीआय २००, विंचेस्टर, रेमिंग्टन ९½. कप सगळ्यांचा पुरेसा जाड. २१०एम तुमच्याकडे आहेच, तर तोच पायाभूत धरा आणि दुसरा बीआर-२ तपासा. २१५एम किंवा सीसीआय २५० हे मॅग्नम प्रायमर .३०८ मध्ये एक्स्ट्रुडेड पावडरला लागत नाहीत. लावले म्हणून काही मोडत नाही, पण प्रेशर चढतं आणि बऱ्याचदा एसडीही.

आणि हे पाठ करून ठेवा: प्रायमर बदलला की लोड नवीन. ब्रँड बदलला, स्टँडर्डवरून मॅग्नमवर गेलात, लार्जवरून स्मॉलवर गेलात, काहीही असो, मॅन्युअलच्या सुरुवातीच्या लोडवर परत जायचं आणि वर चढत यायचं. एकाच ब्रँडचा लॉट बदलला तर तेवढं मागे जायची गरज नाही, पण कमाल लोडच्या काठावर असाल तर थोडं उतरून क्रोनोग्राफवर बघितल्याशिवाय मॅचला नेऊ नका.

लार्ज पिस्तूल प्रायमर लार्ज रायफल पॉकेटमध्ये बसतो म्हणून कोणी वापरू नका. व्यास तोच, पण उंची कमी आणि कप मऊ. खोल बसतो, आणि रायफलच्या प्रेशरला फुटतो.

---

पितळी

केसबद्दल लिहितो, प्रायमरचं वर झालंच आहे.

ब्रँड. लापुआ, पीटरसन, अल्फा या तिघांत एकाच लॉटमधल्या केस नेक जाडी, वजन आणि फ्लॅश होल या बाबतीत पिशवीतून काढल्या काढल्या जवळपास वापरण्याजोग्या असतात. स्टारलाइन थोडं जास्त काम मागते, पण टिकाऊ आहे. हॉर्नडी, विंचेस्टर यांच्या केसमधूनही उत्तम ॲम्युनिशन बनतं. फरक एवढाच की शंभर चांगल्या केस मिळवायला जास्त केस घेऊन चाळाव्या लागतात. म्हणजे तुम्ही पैसे देता ते अचूकतेचे नाहीत, चाळणीचे.

तुमच्या मिश्र केसचा खरा दोष वेगळाच आहे. विंचेस्टरची केस हलकी, लापुआची जड, मिलिटरी केस त्याहूनही जड. बाहेरचं माप चेंबरने ठरवलेलं, म्हणजे जास्तीचं पितळ आतली जागा खातं. तीच पावडर कमी जागेत म्हणजे प्रेशर जास्त. पावडर ०.०२ ग्रेनला तोलायची आणि केसमधली जागा दोन-तीन ग्रेन पाण्याने इकडेतिकडे होऊ द्यायची, याला अर्थ नाही. .३०८ मध्ये ०.१ ग्रेन पावडरने वेग साधारण ५-६ फूट प्रति सेकंद सरकतो. काटा तुमचं काम करतोय. एसडी १४ बहुधा केसमधून येतोय.

याचीच धोक्याची बाजू: विंचेस्टर केसमध्ये सुरक्षित असलेला कमाल लोड लापुआ किंवा मिलिटरी केसमध्ये तसाच्या तसा ओतू नका. केस बदलली की पुन्हा खालून वर.

वजनाने निवड. पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पट. म्हणजे वजनात साडेआठ ग्रेनचा फरक पडला तर आत फक्त १ ग्रेन पाण्याचा फरक, तोही सगळं जास्तीचं पितळ आतल्या बाजूला असेल तर. प्रत्यक्षात बराच फरक रिम आणि एक्स्ट्रॅक्टर ग्रूव्हमध्ये असतो, त्याचा आतल्या जागेशी काही संबंध नाही. चांगल्या ब्रँडच्या एका लॉटमध्ये वजनाचा पसारा दोन-अडीच ग्रेनचा असेल तर त्याचे चार ढीग करणं म्हणजे टाइमपास. शंभरात जी तीन-चार टोकाची असतील ती बाजूला काढा आणि नेम जुळवण्याच्या शॉटसाठी ठेवा. बस.

जागा मोजायचीच असेल तर अशी मोजा: तुमच्याच चेंबरमध्ये फायर केलेली केस, रीसाइझ न केलेली, उडालेला प्रायमर आतच. कोरडी तोला. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. तोंडाशी पाणी सपाट होईपर्यंत भरा, फुगवटा नको आणि खड्डाही नको. पुन्हा तोला. दहा केस पुरेत.

नव्या केसची तयारी, तुमच्या चेंबरच्या हिशोबाने:

नेकची तोंडं प्रवासात चेपलेली असतात. पूर्ण साइझ करायची गरज नाही. ३०६ थाऊचा मँड्रेल (नेक आतून मापाला आणणारा दांडा) नेकमधून घालून काढा. नेक गोल होते आणि गोळीवर साधारण २ थाऊची पकड मिळते. मग तोंडाला आतून-बाहेरून हलका चॅम्फर. 'हलका' म्हणजे धार सुरीसारखी नको, नुसती बर गेली पाहिजे.

नेकची जाडी बॉल मायक्रोमीटरने चार दिशांनी बघा. लापुआ .३०८ साधारण १५ थाऊ असते. म्हणजे गोळी बसवल्यावर नेक ३०८ अधिक ३०, सुमारे ३३८ थाऊ. तुमचं चेंबर ३४२. चार थाऊची मोकळीक, मस्त. नेक टर्निंगची गरज नाही. पण पुढे दुसऱ्या ब्रँडची केस घेतलीत तर हे माप पुन्हा घ्या. जाड केस आणि घट्ट चेंबर अशी जोडी जमली तर गोळी सुटायला नेकला फुगायला जागाच उरत नाही आणि प्रेशर एकदम चढतं. भरलेली नेक आणि चेंबर यांत दोन थाऊपेक्षा कमी उरत असेल तर तो राउंड चेंबरमध्ये घालायचा नाही.

लांबी: .३०८ ची कमाल २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. नव्या केस बहुधा त्याहून आखूडच असतात. पहिल्या फायरिंगनंतर सगळ्या एका मापाला आणा.

पहिल्या फायरिंगचा एसडी बघून निष्कर्ष काढू नका. केस अजून चेंबरच्या आकाराची झालेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या फायरिंगपासूनचे आकडे धरा.

---

हजारयार्ड

सगळ्यांचे आभार. लार्ज लापुआ पक्की, एकाच लॉटच्या २०० घेतो. दोन शंका. शोल्डर बंप (साइझ करताना नेकखालचा उतार, म्हणजे शोल्डर, मागे ढकलणं) किती ठेवायचा? आणि २१०एम विरुद्ध बीआर-२ तपासायला पाच-पाच शॉट पुरतील ना? बॅरलही जपायची आहे.

---

पितळी

बंप १ ते २ थाऊ. कॅलिपरला कंपॅरेटर लावून फायर केलेल्या केसचं बुडापासून शोल्डरपर्यंतचं माप घ्या (उडालेला प्रायमर काढून, नाहीतर त्याचा उठलेला काठ माप खराब करतो). साइझ करून पुन्हा मोजा. फरक म्हणजे बंप. माप तीनदा फायर केलेल्या केसवर ठरवा, एकदा फायर केलेली केस चेंबर पूर्ण भरत नाही आणि तुम्ही गरजेपेक्षा खोल डाय लावून बसता.

जास्त बंप केल्यावर काय होतं ते कळायला हवं. फायर होताना केसच्या भिंती चेंबरला चिकटतात आणि बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं. शोल्डर ५-६ थाऊ मागे असेल तर तेवढं ताणणं दर वेळी वेबच्या (बुडातल्या भरीव पितळाच्या) लगेच वर होतं. काही फायरिंगनंतर बुडापासून साधारण १ सेंमीवर एक चकचकीत रेघ दिसू लागते. पुढे केस तिथेच दोन तुकडे होते. पेपरक्लिप सरळ करून टोकाला नखाएवढा हूक करा, टोक घासून अणकुचीदार करा आणि आतून भिंतीवर खालून वर ओढा. खाच लागली की केस भंगारात. ती एकटी नव्हे, त्या बॅचच्या सगळ्या तपासा, कारण डाय सगळ्यांना सारखाच लागलेला असतो.

---

मध्यमान

पाच-पाच शॉट पुरत नाहीत. इथे बहुतेकांची गाडी घसरते म्हणून जरा सविस्तर.

आधी ईएस आणि एसडी. ईएस म्हणजे सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद शॉटमधला फरक. शॉट वाढले की तो वाढतच जातो, लोड तोच असला तरी. सरासरीने ५ शॉटचा ईएस एसडीच्या २.३ पट, १० शॉटचा ३.१ पट, २० शॉटचा ३.७ पट. त्यामुळे कोणी 'माझा ईएस १२' म्हणाला तर आधी विचारा, किती शॉटचा? पाचाचा १२ आणि विसाचा १९ हा एकच लोड असू शकतो.

एसडीचंही तसंच. १० शॉटमधून एसडी ८ आला, तर खरा एसडी साधारण ५.५ ते १४.६ मध्ये कुठेही असू शकतो, हे ९५ टक्के खात्रीचं अंतर आहे. आता दोन प्रायमरची तुलना. दहा-दहा शॉट मारले तर एकाचा एसडी दुसऱ्याच्या दुप्पट असल्याशिवाय फरक खरा आहे असं म्हणता येत नाही. वीस-वीस मारले तरी दीडपटीच्या थोडं वर लागतं. म्हणजे '२१०एम ला ७ आला, बीआर-२ ला ९ आला, म्हणून २१०एम चांगला' यात वीस शॉटनंतरही दम नाही.

मग करायचं काय? बॅरल न जाळता शॉट जमवायचे. सरावाला जाल तेव्हा अर्धे राउंड एका प्रायमरचे, अर्धे दुसऱ्याचे, बाकी सगळं तेच: तोच पावडर लॉट, तीच केस, तेवढीच फायरिंग झालेली. दर सत्राचा एसडी वेगळा लिहून ठेवा. सगळ्या सत्रांचे शॉट एकत्र टाकून एसडी काढू नका, कारण तापमानामुळे सरासरी वेग रोज हलतो आणि तो बदल एसडीत मिसळतो. प्रत्येक सत्राच्या एसडीचा वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, वर्गमूळ काढा (सत्रांत शॉट सारखे असतील तर एवढं पुरे). चार सत्रांत दोन्ही प्रायमरचे चाळीस-चाळीस शॉट जमतात आणि त्यासाठी वेगळी बॅरल झिजवावी लागत नाही.

आणि एक पायरी अशी की जी लोक वगळतात: किती एसडी तुम्हाला पुरेसा आहे ते आधी ठरवा. .३०८ ला १००० यार्डांवर वेगातल्या १० फुटांमागे गोळी ढोबळमानाने ३ इंच वर-खाली होते. एफ-क्लासच्या टारगेटवर १००० ला दहाची रिंग १० इंच, एक्स रिंग ५ इंच. एसडी १४ म्हणजे वीस शॉटमध्ये अंदाजे ५० फुटांचा ईएस, म्हणजे निव्वळ वेगामुळे १५ इंच उभा पसारा. दहाची रिंग तिथेच संपली. एसडी ७ असेल तर ७-८ इंच. सातावरून सहावर यायला महिने घालवणं आणि वारा वाचायचा सराव न करणं, यात तोटा कुठे आहे तो स्कोअरकार्डवर दिसतो.

क्रोनोग्राफवर एसडी उत्तम आणि कागदावर पसारा उभाच, असंही होतं. तेव्हा कागदाचं ऐका. गोळीची सीटिंग डेप्थ, बॅरलचं हार्मोनिक्स, मागच्या बॅगेवरची पकड, कारणं वेगळी असतात आणि ती क्रोनोग्राफला दिसत नाहीत.

---

काटेकोर

मध्यमान यांनी शंभर टक्के बरोबर लिहिलंय, पण प्रायमरचा ब्रँड तपासण्याआधी प्रायमर बसवण्याची पद्धत एकसारखी करा. नाहीतर तुम्ही ब्रँड नव्हे, स्वतःच्या अंगठ्याचा जोर तपासत बसाल.

प्रायमर पॉकेटच्या तळाला टेकला की त्याच्या ॲन्व्हिलचे (आतल्या छोट्या ऐरणीचे) पाय आधी लागतात. त्यापुढे कप आणखी २ ते ४ थाऊ दाबला जायला हवा. या दाबाने ॲन्व्हिल आणि मसाल्याची गोळी यांतलं अंतर ठरतं. कमी दाबला तर पिनच्या फटक्याची काही ताकद प्रायमर खाली ढकलण्यातच जाते: इग्निशन कमीजास्त, क्वचित मिसफायर, आणि दुसऱ्या फटक्याला तोच राउंड उडतो. ही खूण ओळखायला सोपी आहे. फार दाबला तर मसाल्याला तडा जातो, तेही इग्निशन बिघडवतं.

मोजायचं कसं: केसच्या बुडापासून प्रायमर किती आत आहे ते डेप्थ गेजने बघा. फक्त तेवढ्याने भागत नाही, कारण पॉकेटची खोली केसगणिक बदलते. लार्ज रायफल पॉकेटचं मानक १२५ ते १३२ थाऊ आहे, सात थाऊचा खेळ. चांगल्या ब्रँडमध्ये एका लॉटमध्ये तो बराच कमी असतो, पण पाच-दहा केस मोजून बघा. फरक मोठा दिसला तर युनिफॉर्मर (पॉकेटची खोली सारखी करणारं हत्यार) एकदाच फिरवा. त्यानंतर दर वेळी फक्त काजळी काढायची, पितळ नाही. काजळीचा थर राहिला तर प्रायमर तिच्यावर टेकतो, हाताला 'बसला' वाटतं आणि खरं तर तो बसलेला नसतो.

सीटिंगला हातातलं टूल किंवा बेंचवरचं ॲडजस्टेबल टूल, काहीही चालेल. प्रेसच्या लांब दांड्यावर हाताला काहीच कळत नाही. एखादा प्रायमर लोण्यात सुरी घातल्यासारखा गेला तर ती केस तिथेच वेगळी ठेवा, पॉकेट सैल झालंय. भरलेल्या केसमधून प्रायमर गळून ट्रिगर ग्रुपमध्ये पडला की मॅच गेली, आणि पॉकेटच्या कडेने वायू सुटला तर बोल्ट फेसवर कायमचे खड्डे पडतात.

मिलिटरी केस कोणी वापरत असेल तर पॉकेटचा क्रिम्प (प्रायमर पक्का धरायला दाबलेली कड) आधी स्वेज करून किंवा रीम करून काढा. तसाच प्रायमर घुसवला की त्याची कड सोलली जाते आणि तो तिरका बसतो.

चष्मा घातल्याशिवाय प्रायमरला हात लावू नका. प्रायमर कंपनीच्या डबीतच ठेवा. काचेच्या बाटलीत सुटे ओतून ठेवले तर एक उडाला की सगळे एकदम उडतात. त्या डबीत प्रत्येक प्रायमर वेगळ्या खोबणीत असतो त्याचं कारण हेच.

---

थाऊवाला

ॲनीलिंग राहिलं.

.३०८ ची केस सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. हे पितळ ठोकल्या-वाकवल्याने कडक होतं आणि फक्त उष्णतेने मऊ होतं. फायरिंगला नेक फुगते, साइझिंगला दबते, मँड्रेलला पुन्हा फुगते. दर फेरीला थोडं कडक. कडक पितळ स्प्रिंगसारखं परत येतं, म्हणून तीच डाय, तोच मँड्रेल असूनही नेकची पकड बदलते, शोल्डर बंपही एक-दोन थाऊ इकडेतिकडे होतो. गोळी बसवताना एक सहज गेली, दुसरी रेटावी लागली, असं हाताला लागायला लागलं की वेळ झाली.

दर फायरिंगला करावं की तीन-चार फायरिंगला एकदा, यावर वाद आहे. माझं म्हणणं, अंतर काहीही ठेवा, पण सगळ्या केसना एकाच वेळी. अर्ध्या केस ॲनील केलेल्या आणि अर्ध्या नाही, अशी पेटी असण्यापेक्षा कुठलीच न केलेली बरी.

फक्त नेक आणि शोल्डर तापवायचं. ज्योत वापरत असाल तर फिरत्या होल्डरमध्ये केस ठेवा, तापमान दाखवणारा रंग नेकच्या आत लावा आणि तो वितळला की बाहेर. अंधारात नेक जेमतेम लालसर दिसू लागली तर तुम्ही मर्यादेला पोचलात. नारिंगी झाली तर केस गेली. बूड तापता कामा नये. मऊ बूड प्रेशर धरत नाही आणि बाहेरून ते ओळखूही येत नाही, म्हणून शंका आली तर केस चेचून फेका. पाण्यात टाकायची सक्ती नाही. पितळाला पोलादासारखं पाणी चढत नाही, पाणी फक्त उष्णता खाली बुडाकडे सरकायची थांबवतं.

---

पितळी

एक भर. ॲनील करून स्टीलच्या पिनांनी ओलं टंबल केल्यावर नेकच्या आतली काजळी पूर्ण निघून जाते आणि कोरडं पितळ गोळीला धरून बसतं. नेकमध्ये गोळी घालण्याआधी ग्राफाइटच्या भुकटीत एकदा तोंड बुडवून काढा, जास्तीची झटका. अनेकदा ज्याला 'ॲनीलिंग फसलं' म्हणतात ते एवढंच असतं.

---

थाऊवाला

हजारयार्ड, शेवटचं. सपाट झालेला प्रायमर बघून प्रेशर ठरवू नका. बंप जास्त असला तरी प्रायमर सपाट दिसतो, मऊ कपाचाही दिसतो. तुमच्या बोल्टवर थोडा काठ उठणं हेही पिनच्या होलमुळे असू शकतं. बुडावर इजेक्टरचा चमकदार शिक्का, बोल्ट उचलताना जड जाणं, मॅन्युअलपेक्षा अनपेक्षित जास्त वेग, आणि नव्या केसचं पॉकेट दोन-तीन फायरिंगमध्ये सैल होणं, ही लक्षणं जास्त विश्वासाची. यातलं एक जरी दिसलं तर उरलेले राउंड मारायचे नाहीत. पुलरने गोळ्या काढून पावडर परत तोलायची आणि खालून सुरू करायचं. प्रायमर लावलेल्या केस तशाच ठेवून त्याच प्रायमरच्या लोडला वापरता येतात. डीकॅपिंग रॉड काढून टाकलेल्या डायमधूनच त्या फिरवा.

---

हजारयार्ड

लार्ज लापुआ मागवली, बॉल मायक्रोमीटर आणि ३०६ चा मँड्रेल सोबत. मिश्र केस १०० यार्डाच्या सरावाला, ब्रँडप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत आणि प्रत्येकीचा लोड पुन्हा खालून. चार सत्रांचे आकडे जमले की दोन्ही प्रायमरचे इथेच टाकतो, सत्रनिहाय तापमानासकट.

---

मध्यमान

तापमानासोबत पावडरचा लॉट नंबर आणि केसची कितवी फायरिंग तेही लिहा. आणि क्रोनोग्राफने एखादा वेड्यासारखा आकडा दाखवला तर तो गाळू नका. लिहून ठेवा, शेजारी नोंद करा, आणि हिशोब त्याच्यासकट व त्याच्याशिवाय असा दोनदा टाका.